पळसाच्या पानावरची मूठ

नव्या धानाचा वास नाकात शिरला की ते प्रकरण मला हमखास आठवते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात चार ओळींपेक्षा जास्त जागा मिळाली नाही. नोकरीतली कितीतरी मोठी प्रकरणे मी विसरलो, हे मात्र विसरलो नाही.

मी तेव्हा गोंडपिपरीच्या बाजूला एका ठाण्याचा ठाणेदार होतो. त्याआधी घुग्घुसला होतो. तिथे कोळशाचे ट्रक, पाळी सुटली की मोटारसायकलींची रांग आणि रोजची भांडणे. या ठाण्यात आलो तेव्हा शांतता पाहून बरे वाटले. ती शांतता कशाची होती हे थोड्याच दिवसांत कळले. हद्दीतल्या राईस मिल एकामागून एक बंद पडत होत्या.

सरकारचे उद्योगधोरण ठाण्याला फायलींतून कळत नाही, चोऱ्यांमधून कळते. बंद मिलमधून तांब्याची तार जाऊ लागली, मोटारी जाऊ लागल्या, भंगारवाल्यांच्या गाड्या वाढल्या. मी बंद मिलची यादी केली आणि भिंतीवर लावली. कोणती मिल, किल्ली कोणाकडे, गस्तीला कोण. मला यादीशिवाय काम सुचत नाही. घरच्या किराण्यालाही मी क्रमांक घालतो आणि त्यावरून बायको हसते.

मिल का बंद पडत होत्या तेही सांगतो, कारण गुन्ह्याचे मूळ तिथेच होते. मागास तालुक्यात नवा कारखाना काढणाऱ्याला सरकार भांडवलात आणि विजेच्या दरात सवलत देत होते. शिवाय सरकारने खरेदी केलेला धान भरडायला हवा असेल तर मिलमध्ये काळा दाणा निवडणारे यंत्र पाहिजे, अशी अट आली होती. या यंत्रातला कॅमेरा प्रत्येक दाणा पाहतो आणि खराब दाणा हवेच्या फुंकरीने बाजूला उडवतो. अट वावगी नव्हती. रेशनचा तांदूळ स्वच्छ असावा असे कोणाला वाटणार नाही? पण सवलत नव्या मिलला होती. जुन्या मिलवाल्याने तेच यंत्र बसवले तरी तो 'नवा उद्योग' ठरत नव्हता. त्याच्याकडे दर जुना, कर्ज जुने, आणि सरकारी धान बंद.

अशाच एका बंद मिलचा मालक साठीच्या आसपासचा गृहस्थ होता. त्याला मी थोरला साडू म्हणेन. त्याचा धाकटा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, पंधरा वर्षे त्याच्याच मिलमध्ये कामाला होता. आधी पोती उचलायची, मग यंत्रावर उभे राहायचे, मग हिशेब पाहायचा. लग्नही थोरलीनेच, म्हणजे थोरल्या साडूच्या बायकोने जुळवले होते. धाकट्याने नव्या धोरणाखाली अर्ज केला, आपल्या गावाबाहेरच्या औद्योगिक जागेत प्लॉट मिळवला आणि नवी मिल उभी केली. थोरल्याची मिल बंद पडली त्याच वर्षी धाकट्याच्या मिलचे पत्रे चढले.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. बाजार, पाहुणे, रात्री नाटक. धाकट्याच्या गावच्या मंडईला मी बंदोबस्तात होतो. सायंकाळी धाकटा साडू धापा टाकत आला.

"साहेब, चला जी लवकर. मशीन फोडली."

जाऊन पाहिले. दाणा निवडणाऱ्या यंत्राची काच फोडलेली होती, आतले कॅमेरे चेचलेले होते, वायरी ओढून काढल्या होत्या. जवळच एक मोठा पाना पडला होता. तो मिलमधलाच. आदल्याच दिवशी मिलची चाचणी झाली होती, आणि त्या आठवड्यात तपासणीचे अधिकारी येणार होते. तपासणीत यंत्र चालू दिसले नाही तर हंगामातला सरकारी धान दुसरीकडे जाणार होता.

मी नेहमीप्रमाणे आधी काय झाले नाही ते पाहिले. कुलूप तुटलेले नव्हते. तांब्याची केबल जागेवर होती. टेबलावर एकाचा मोबाइल तसाच होता. बाकीच्या एकाही यंत्राला ओरखडा नव्हता. चोर असे करत नाही. ज्याने कोणी हे केले त्याचे वैर त्या एकाच यंत्राशी होते.

पंचनामा चालू असताना धाकटी, म्हणजे मालकाची बायको, धान सोलणाऱ्या यंत्राजवळ उभी होती. या यंत्राच्या वर धान ओतायचे तोंड असते, त्याला हॉपर म्हणतात. त्यात पळसाचे एक पान होते आणि पानावर मूठभर धान. धाकटीने ते पान उचलले आणि पदराखाली धरले.

"बाई, कशाला हात लावू नका," मी म्हणालो.

"कचरा होता जी."

मी पान परत ठेवायला लावले. पंचनाम्यात तेही आले, काच आणि पान्याच्या खाली, एका ओळीत. त्या वेळी मलाही तो कचराच वाटला होता.

किल्ल्या दोन होत्या. एक चौकीदाराकडे, एक मालकाच्या घरी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. चौकीदार दिवसभर मंडईत पाळण्याच्या ठेक्यावर होता, निम्म्या गावाने त्याला पाहिले होते. घरची किल्ली खिळ्यालाच होती, पण त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेले होते. त्यांत थोरलीही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या नेहमीच्या पानठेलेवाल्याने टीप दिली.

"साहेब, थोरले भाऊ मागं काय म्हनत होते मालूम हाय का? साडूची मिल जळली तं गावाले पेढे वाटीन म्हने."

"म्हणणारे पुष्कळ असतात."

"हो, पन मंडईच्या दिवशी दुपारी त्याईची गाडी मिलच्या रोडनं गेली. म्या सोता पाह्यली."

थोरल्याला ठाण्यात बोलावले. मी चौकशीची सुरुवात जेवणापासून करतो. माणूस जेवणाबद्दल क्वचितच खोटे बोलतो, त्यामुळे त्याचा खरा आवाज कसा आहे ते कळते.

"जेवण झालं का, भाऊ?"

"झालं जी. उपाशी येऊन मी काय तुमच्या डब्यावर नजर ठेवू?"

"मंडईच्या दिवशी दुपारी कुठे होता?"

"मंडईत."

"काय घेतलं मंडईत?"

"जिलेबी घेतली. गरम होती."

"जिलेबीवाल्याच्या घरी सुतक होतं. त्यानं दुकान लावलंच नाही. मी दिवसभर तिथे होतो."

थोरल्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मिलसमोर चहाची टपरी हाय. तिथं बसलो होतो."

"टपरी त्या दिवशी बंद होती."

"बाक तं होता ना. मी काय चहासाठी जातो काय? रोज जातो जी. गेटात कोनाचा ट्रॅक्टर शिरते ते पाह्यतो. अजून चालू झाली नाई, तरी लोकं विचाराले येऊन राह्यले. समदे माह्याच दारातले. एकेकाले ओळखतो मी. घरी जाऊन बायकोले नावं सांगतो, मंग जेवन जाते."

"मग खोटं कशाला बोललात?"

"चोर म्हना साहेब, चालते. पन साडूच्या दारावर टक लावून बसते, हे नका लिहू."

"कोणी आत जाताना दिसलं?"

"नाई," तो म्हणाला. हे उत्तर जरा लवकर आले. जिलेबीसारखेच.

"मशीन तुम्ही फोडलीत?"

"नाई फोडली. पन ज्यानं फोडली त्याले माह्या घरी चहा."

हेवा मला नवीन नाही. माझ्या बॅचचे दोघे नागपुरात बसून बढत्या घेत होते, तेव्हा मी बंद मिलच्या कुलपांना हात लावून पाहत फिरत होतो. त्यामुळे या माणसाचा बाक मला कळला. पण कळणे हा पुरावा नाही. त्याच्यामागे कारण होते, तो तिथे होता, खोटे बोलला होता, आणि त्याची बायको किल्लीच्या घरात पाहुणी होती. धाकटा साडू ठाण्यातून हलत नव्हता.

"आत टाका जी त्याले. पंधरा वर्सं त्याची पोती उचलली, आता माह्यं बरं झालं तं पाहावत नाई."

"तुमची तक्रार यंत्राची आहे की पोत्यांची?"

"दोनी एकच हाय साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याला अटक करायची असे मी ठरवले. एकदा अटक झाली की त्या वयाच्या माणसाला गावात ताठ मानेने फिरता येत नाही, मग पुढे तो निर्दोष सुटो की न सुटो. म्हणून अटकेपूर्वी राहिलेली कामे मी एका कागदावर लिहिली. त्यात एक होते जुन्या मिलची झडती. खरे म्हणजे पाना नव्या मिलचाच होता, त्यामुळे झडतीत काही मिळण्याची आशा नव्हती. पण लिहिलेले काम मी सोडत नाही.

त्याच दुपारी दोन पंच आणि महिला अंमलदाराला घेऊन गेलो. थोरलीने कुलूप उघडले. उंच, सडपातळ बाई, पन्नाशी ओलांडलेली. बंद मिल मी पुष्कळ पाहिल्या होत्या. आत गेले की उंदरांच्या लेंड्या, कोळिष्टके, कोंड्याचा कुबट वास. इथे जमीन झाडलेली होती. पट्टे उतरवून खुंटीला टांगलेले होते. एका कोपऱ्यात सुपांची चळत होती. याच सुपांवर दहा-बारा बायका तांदूळ निवडत असत, आणि थोरली त्यांच्यात बसून हात चालवत असे. तिच्या मिलच्या तांदळात खडा निघाला तर पोते परत, असा तिचा शब्द होता. नव्या यंत्राने कोणाची जागा घेतली होती, ते त्या कोपऱ्यात उभे राहिल्यावर मला पहिल्यांदा नीट दिसले.

मी हॉपरमध्ये डोकावलो. आत पळसाचे पान होते आणि पानावर मूठभर धान. धान याच हंगामातला, अजून वास येत होता.

"बाई, हे काय?"

"मूठ हाय जी. मिल उपाशी ठेवत नाई. सांजच्याले काम झालं का मूठ ठेवाची, मंग दार लावाचं. माह्या सासूपासून हाय."

"पण ही मिल तर बंद आहे."

"बंद हाय, मेली थोडीच हाय?"

पानाचा देठ यंत्राच्या तोंडाकडे वळवलेला होता. नव्या मिलमधल्या पानाचाही देठ तसाच होता. ते धाकटीच्या पदराखालून परत ठेवायला लावले तेव्हा तिने नकळत तसेच वळवून ठेवले होते.

मी झडती संपवली, काही मिळाले नाही असे लिहिले आणि तिथून थेट धाकटीच्या घरी गेलो. महिला अंमलदाराला तिच्याजवळ बसवले. मी एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या मिलमध्ये तुम्ही मूठ ठेवता का?"

"चाचणीच्या दिवशी ठेवली होती," ती म्हणाली. "कंपनीचा इंजिनीयर म्हने, मॅडम, यात बाहेरचं काही टाकू नका. हवा मारून उडवली त्यानं. समदे हसले. मी बी हसली. ताई मागं उभी होती."

"मग मंडईच्या दिवशीचं पान कोणाचं, हे तुम्हाला तेव्हाच कळलं."

"माह्या लग्नाआधीपासून पाह्यतो ना जी मी ते पान. तिनंच शिकवलं मले. इकडं मालक म्हनतात भाऊजीले आत टाका. मी काय करू? एक बहीन हाय मले."

पंचांना आणि महिला अंमलदाराला घेऊन परत थोरलीकडे गेलो. संध्याकाळ व्हायची होती. बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचे नाही, जबाब घरीच घ्यायचा, असा नियम आहे. थोरला साडूही घरी होता. मी नेहमीसारखी वळणावळणाने सुरुवात केली नाही.

"बाई, उद्या सकाळी मी तुमच्या यजमानांना अटक करणार आहे."

तिने नवऱ्याकडे पाहिले. तो खाली पाहत होता.

"त्याईनं नाई केलं," ती म्हणाली. "मी केलं. किल्ली खिळ्यावरची घेतली, समदे मंडईले गेल्यावर. दार उघडलं, मशीन फोडली, किल्ली परत ठेवली. पाना तिथलाच होता."

"का केलं?"

"माह्या बयनीची मिल व्हावी, असं मले वाटत नव्हतं काय? मीच पह्यला नारळ फोडला तिथं. पन त्या इंजिनीयरनं ते मशीन दाखवलं ना साहेब, म्हने हे शंभर बायांचं काम करते. माह्याकडं पाहून म्हने. आन् बहीन माह्याकडं पाहून हसली. मले आमच्या बाया आठवल्या. घरी आली तं भाकर उतरे ना. त्यात आधीपासून रोज हे येऊन सांगत, आज याचा ट्रॅक्टर गेला, आज त्याचा गेला."

"बाई, ती मूठ ठेवली नसती तर मी तुमच्यापर्यंत आलो नसतो."

"मालूम हाय. दारापोवत गेली होती मी, परत आली. वटीत धान होता पूजेचा, बाहेर पळस होता."

"परत का आलात?"

तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला असावा. तिने आवाज चढवला नाही.

"मशीन माही वैरी हाय साहेब. मिल नाई. मिल कशी उपाशी ठेवू?"

महिला अंमलदाराने जबाब लिहून घेतला. मी थोरल्याकडे वळलो.

"भाऊ, बाकावरून गेट समोर दिसतं. तुम्हाला या दिसल्याच असणार."

"दिसली. जाताना बी आन् येताना बी."

"मग उद्या आत जायला तयार होतात, ते यांना वाचवायला?"

"ते तं होतंच." त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "पन खरं सांगू का? मले हिचा हेवा वाटला. एवढे दिवस बाकावर बसून मले जे जमलं नाई, ते हिनं एका दुपारी केलं. म्हनलं, लोकं तं म्हनतील मी केलं. म्हनू दे."

"अन् मी?" बायको म्हणाली. "मी केलं ते बी तुमच्याच नावावर?"

"मिल बी माह्याच नावावर होती ना."

"नावावर होती," ती म्हणाली. "चालवली कोनं ते इचारा साहेब याईले."

पंचांतला एक हसला. मी त्याला बाहेर पाठवले. पण मलाही बाहेर जावेसे वाटत होते.

गुन्हा कबूल झाला, कागद तयार झाले, प्रकरण न्यायालयात गेले. अशा गुन्ह्यात फिर्यादीची तयारी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते. धाकटा साडू काही केल्या ऐकेना. ऐकवले ते धाकटीने. ठाण्याच्या ओट्यावर, सगळ्यांदेखत.

"केस चालवाची असन तं चालवा. मी ताईकडून साक्ष देतो. तुमच्या इंजिनीयरले बी बोलवा, कसा हसला ते सांगाले."

तपासणीचे अधिकारी ठरल्याप्रमाणे आले, फुटलेले यंत्र पाहून गेले. त्या हंगामाचा सरकारी धान धाकट्याला मिळाला नाही. शेतकऱ्यांचा घरचा धान तेवढा भरडायला येत होता, आणि तो निवडायचा कसा हा प्रश्न होता. तडजोडीत ठरले ते असे. यंत्र दुरुस्त होईपर्यंत थोरलीने तिच्या जुन्या बायका आणि सुपे घेऊन यायचे आणि तांदूळ निवडून द्यायचा. मी एकदा मुद्दाम पाहायला गेलो. फुटलेल्या यंत्राला पाठ लावून ती बसली होती. सूप चालू होते. हॉपरमध्ये मूठ होती आणि ती कोणी हवेने उडवत नव्हते. दोघी बहिणी एकमेकींशी बोलत मात्र नव्हत्या. काही दिवसांनी बोलू लागल्या, असे मला त्या गावाची गस्त पाहणाऱ्या बीट जमादाराकडून कळले. भांडायला लागल्या, म्हणजे बोलू लागल्या, हे त्याचे शब्द.

या प्रकरणाने मला काय शिकवले? एक म्हणजे, हेवा दूरच्याचा वाटत नाही. नागपूरच्या मोठ्या मिलवाल्याचा हेवा आमच्या तालुक्यात कोणी केला नाही. हेवा होतो एका ताटात जेवलेल्याचा. धोरण ठरवणारे कागदावर एक रेघ मारतात, अलीकडे जुने, पलीकडे नवे. त्यांच्या दृष्टीने ती रेघ दोन कारखान्यांच्या मधून जाते. इथे ती एका घराच्या मधून गेली, दोन बहिणींच्या मधून. दुसरे म्हणजे, संशयिताने काय नासवले ते आम्ही पोलीस नेहमी पाहतो. त्याने काय जपले तेही पाहायला हवे. नंतरच्या नोकरीत मला याचा फार उपयोग झाला.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यानंतर एकदा कुरखेड्याला एका लग्नाला जाऊन परतताना वाट वाकडी करून मी त्या बाजूला गेलो. धोरण पुन्हा बदलले होते. आता मोठ्या गुंतवणुकीला मोठी सवलत होती. हायवेला लागून एक अवाढव्य मिल उभी होती, आणि कोणी बाहेरचा शेठ तिचा मालक होता. धाकट्याची मिल दिवसातून काही तास चालत होती. काळा दाणा निवडणारे तिचे यंत्रही आता जुने ठरले होते.

हायवेवर त्या मोठ्या मिलच्या गेटसमोर चहाची टपरी होती. बाकावर दोघे साडू शेजारी शेजारी बसले होते आणि आत शिरणारा प्रत्येक ट्रॅक्टर डोळ्यांनी मोजत होते. मला पाहून धाकटा उठला, त्याने चहा सांगितला. थोरला बसूनच राहिला.

"या साहेब," तो म्हणाला. "बरं झालं आले. एक सांगून ठेवतो. तिकडं काई फुटलं तं आमच्या घरी येऊ नका. दोघी बी घरीच हायेत, आमी पाहूनच निंगालो."

"अन् पळसाचं पान?" मी विचारले.

त्याने गेटाकडे पाहिले. एक ट्रॅक्टर आत वळत होता.

"त्या मिलीले कोन मूठ ठेवते जी," तो म्हणाला. "तिथं ठेवाले आमचं कोनी नाई."